चाळीस फुटी बूम

"नको. छोटाच बरा आहे," कुंदा म्हणाली आणि वीस फुटी पंपाला हात लावून उभी राहिली.

दारव्ह्याच्या त्या दुकानामागच्या आवारात ट्रॅक्टरला जोडायचे दोन फवारणी पंप शेजारीशेजारी ठेवले होते. एकाचे हात आखूड होते. दुसऱ्याचे चाळीस फुटी हात, म्हणजे बूम, दुकानदाराने नुकतेच उघडून दाखवले होते. ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचले होते. कुंदाचा नवरा श्रीकृष्ण त्या लांब बूमच्या कडेने चालत एकेक नोझल बोटाने फिरवून पाहत होता.

"वहिनी, जुना पंपही वीस फुटीच होता ना तुमचा?" दुकानदार म्हणाला. "मंग पुन्हा तोच कायले घेता?"

"आमच्या वावराले उतार आहे. एवढा लांब दांडा डोलन. एक टोक सोयाबीनमंदी घुसन."

दुकानदाराने बूमचं टोक खाली दाबून सोडलं. आतल्या स्प्रिंगांनी ते दोनदा हललं आणि सरळ झालं.

"फाटकातून कसा निघन?"

त्याने दोन्ही हात दुमडून दाखवले. पंप ट्रॅक्टरएवढाच रुंद उरला.

"मंग धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेले, वळणार नाही."

"वळवतो मी," श्रीकृष्ण म्हणाला. "रोज कोळशाचा ट्रक वळवतो. हे काय त्याहून मोठं आहे?"

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी श्रीकृष्ण वणीला गेला होता. तेव्हापासून तो तिकडच्या खाणीवर ट्रक चालवत होता. सुट्टी मिळायची ती पेरणीला, फवारणीला आणि पोळ्याला. गावात ट्रॅक्टर चालवणारे पुष्कळ होते, पण दुसऱ्याच्या हातून फवारणी नीट होत नाही, असं कुंदाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. औषधाची वेळ आली की तिचा फोन जायचा. श्रीकृष्ण यायचा.

आणि यायचा तो दोन दिवसांसाठी. सकाळी वारा उठेपर्यंत तो फवारायचा. ऊन चढलं की पंप थांबवावाच लागायचा. मग दुपारभर तो घरी असायचा. पडवीत बसून जेवायचा, सैल झालेली बाज आवळायचा, कुंदा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली की गप्पा मारता मारता तिच्या सुपातले दाणे खायचा. ती रागवायची. खरं तर तिला तेच हवं असायचं. संध्याकाळी थोडं फवारून व्हायचं, उरलेलं दुसऱ्या सकाळी. त्याची गाडी गेल्यावर कुंदा पुढच्या फवारणीची वाट पाहत बसायची. शेजारच्या बाया पिकावर अळी दिसली की कपाळाला हात लावायच्या. कुंदाला मात्र पानावर एखादं भोक दिसलं की आत कुठेतरी बरं वाटायचं, आणि मग तिची तिलाच लाज वाटायची.

या खेपेला तर तेवढंही सुख मिळालं नव्हतं. काल तो आला आणि आज चहा घेऊन जो बाहेर पडला, तो थेट दहा वाजता परतला. गावातल्या नानाजीच्या वावरात गेला होता म्हणे, मग रामीबाईकडे, मग आणखी कुठे. आल्या आल्या म्हणाला, चल, पंप घ्यायले जाऊ.

"पाहा वहिनी," दुकानदार पुन्हा म्हणाला, "या मोठ्या पंपानं तुमचे पंधरा एकर एका सकाळात उरकतीन. दोन दिवस कायले घालवता?"

"आमचे दिवस आहेत. आमी घालवू," कुंदा एकदम म्हणाली.

तिचा आवाज असा चिरकला की दुकानदार गडबडला. चहा सांगतो म्हणून तो आत निघून गेला. श्रीकृष्ण बूमच्या पलीकडे तसाच उभा राहिला.

"काय झालं तुले?" त्याने विचारलं.

"काही नाही. घ्या तुमाले पायजे तो."

"मले सांग ना. छोट्यासाठी एवढी काहून अडून बसली?"

कुंदाने पदराने तोंड पुसलं. ती त्याच्याकडे न बघता बोलली.

"मोठा घेतला तर सकाळी येसान आणि दुपारच्या गाडीनं वापस जासान. रातभरही राहाचं काम नाही पडणार. तुमाले तेच पायजे असन तर घ्या. मले नाही पायजे."

श्रीकृष्ण बूमला वळसा घालून तिच्याजवळ आला. बोटांना लागलेलं ग्रीस त्याने पँटला पुसलं. बोलायची त्याला सवय नव्हती, शब्द जुळवायला वेळ लागला.

"पंधरा एकराले कोणी चाळीस फुटी घेते काय?" तो म्हणाला. "सकाळपासून मी लोकाईच्या घरी फिरलो. गावातलं अर्ध्याच्या वर फवारायचं काम ते आपल्याले देऊन राह्यले. नेरकडच्या दोन गावाईतूनही हो आलं. पक्कं झाल्यावरच तुले सांगाचं होतं मले."

कुंदाने वर पाहिलं.

"मंग वणीचं काम?"

"वणीची खोली खाली करून आलो मी काल."