सुटलं का?

"सुटलं का?" सरांनी विचारलं.

"सुटलं की!" त्याने वही पुढे सरकवली.

सरांनी नुसती नजर टाकली. "गणित सुटलं, पण वेळ केवढा खाल्लास! आधी पर्याय वाच, मग आकडेमोड कर. तू हुशार आहेस का, हे त्यांना बघायचंच नसतं. तू कुठे फसतोस ते बघायचं असतं."

पदव्युत्तर प्रवेशाच्या या परीक्षेत तो दोनदा आपटला होता. तिच्या गुणांवर करायच्या प्रवेशअर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती आणि वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता. "मग बसा याच नोकरीत म्हातारे होत," बायको म्हणायची.

सर त्याला भेटले तेही कामावरच. हा पुस्तकात डोकं खुपसून बसलेला पाहून तेच आपणहून म्हणाले, "अहो, चौथा पर्याय बरोबर आहे." तेव्हापासून रोज दुपारी, जेवणं आटोपली की शिकवणी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"एवढ्या खाचाखोचा त्यांना ठाऊक तरी कशा?" बायकोने एकदा विचारलं.

"त्यांनी ही परीक्षा खूपदा दिलीय."

"अगं बाई! एवढा हुशार माणूस आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागली?" ती हळहळली. "एकदा जेवायला तरी आणा त्यांना."

"ते कुठे जात नाहीत," म्हणत त्याने पुस्तक उघडलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्याचं अवसान गळालं. "सर, माझ्याऐवजी तुम्हीच जाऊन बसा ना!" तो गमतीने म्हणाला.

सर हसले नाहीत. "पुन्हा असलं बोलायचं नाही. तुझा पेपर तूच लिहायचास. नापास झालास तरी चालेल."

असे भडकलेले सर त्याने कधी पाहिले नव्हते. पण बरं वाटलं त्याला. आपलं भलं व्हावं म्हणून इतकं तळमळून रागवणारं माणूस घराबाहेर कुणाला भेटतं?

निकाल लागला. गुण इतके वाढले होते की बायकोने त्याच्याच हाताला चिमटा काढून पाहिला. अर्ज मुदतीत गेला, प्रवेशही पक्का झाला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो केक घेऊन सरांकडे गेला. त्यांचे दोन्ही हात धरले.

"सर, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

"वेडा आहेस. उलट मीच तुझा आभारी आहे," सर म्हणाले. "आजवर इतक्यांना पास केलं, पण स्वतःचा पेपर स्वतः लिहिणारा तू पहिलाच."

त्याने बाहीने डोळे पुसले, बाहेर येऊन सरांच्या कोठडीला कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा पुढच्या पाळीच्या शिपायाच्या हाती दिला.