खणातलं पिस्तूल

ओपलने नवऱ्याचं मोठं पिस्तूल व्हर्जिलच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवलं. “याच्या बदल्यात कपड्यांखाली लपेल असं लहानसं द्या, भावजी.” ओक्लाहोमातल्या त्या गावात निम्म्या घरांना व्हर्जिलने पिस्तुलं विकली होती, तिचा नवरा लेलँड तर त्याचा शिकारीतला सोबती. “वहिनी, हे घेतलं तर लेलँड माझी कातडी सोलेल! शिवाय लहान पिस्तूल हाताला हिसका देतं, नेम हुकतो. हे खणात असू दे.” “मला नेम धरायचाच नाही.” “मग हवंय कशाला?” ओपलने कोटाचं बटण चाचपलं. “पोरगा गेल्यापासून लेलँड त्या खणासमोरच बसून असतो. घरात पिस्तूलच नसलं, तर तो उद्याच दुसरं आणेल. म्हणून घरात एक हवं, पण खणात नाही, माझ्या अंगावर. झोपेतसुद्धा.” व्हर्जिलने सगळ्यांत लहान पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं, सवयीने गोळ्यांचा डबाही काढला आणि तो परत फळीवर ठेवून दिला.