फोर्ड की शेव्हरलेट

"दोन्हीत जास्त हळू कोणती चालते?" रूपरावनं विचारलं.

हिंगणघाटच्या मोटार स्टँडवर असा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. नानाजीची फोर्ड एकोणीसशे तीसची, चार सिलिंडरची, कापडी टपाची. शेजारी नत्थूची शेव्हरलेट. सहा सिलिंडर, लोखंडी टप, कातडी गाद्या. ती आल्यापासून फोर्डकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. आज भाडं मिळालं नाही तर उद्या भंगारवाला येईल, असं नानाजी घरी सांगूनच निघाला होता.

"हळू कायले?" नत्थू हसला. "माही गाडी ताशी ऐंशी मैल पळते. नानाजीची साठावर गेली का खिळे गळतात."

"पळायचं नाई भाऊ. पुढं वाजंत्री, मागं गाव. आमच्या म्हाताऱ्याले वेशीपर्यंत न्यायचं हाय." रूपराव अल्लीपूरचा, भाजीपाला पिकवणारा. "सणाच्या दिवशी सगळ्यात पुढं राह्याचा मान त्याचा. यंदा गुडघे गेले. जोडीदार मेला तसा खंगलाच तो. लोक म्हणतात, मान आता दुसऱ्याले द्या. मी जितेपनी देनार नाई."

नानाजीच्या मनात आलं, लेक असावा तर असा.

"इतक्या हळू चालवली तर नत्थूची तापते," तो म्हणाला. "माही पहिल्या गिअरात माणसाच्या चालीनं जाते. बंद पडत नाई."

"टप उतरते काय?"

"उतरते."

"मंग बरं. त्याच्या डोक्यावर मोठा साज राह्यते. अन् मागची सीट?"

"सीट काऊन काढता?" नत्थू मध्येच बोलला.

"म्हातारा जन्मात सीटवर बसला नाई. खालीच बसते. कातड्याचा तर वासही चालत नाई त्याले."

"आश्रमातला हाय काय?"

"नाई. पन मटणाले कधी तोंड लावलं नाई त्यानं."

नत्थूनं आपल्या गाद्यांकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

सणाच्या दिवशी नानाजी धुतलेली टोपी घालून अल्लीपुरात हजर झाला. सीटच्या जागी रूपरावच्या सांगण्यावरून तणस पसरलं होतं. त्यावर नानाजीनं आपल्या मनानं घरची सतरंजी अंथरली होती.

"तुम्ही समोर पाहून बसा," रूपराव म्हणाला. "अनोळखी तोंड दिसलं का म्हातारा अडून बसते."

फळ्या लावल्याचा आवाज झाला. चार गडी 'हळू, हळू' करत राहिले. फोर्डच्या स्प्रिंगांचे पाटे करकरले आणि गाडी मागून चांगलीच खाली बसली. खात्यापित्या घरचा दिसतो, नानाजी मनात म्हणाला. ढोल वाजू लागला. समोर वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण हलत होतं.

"बाबा, बसले ना नीट?" मागं न पाहता त्यानं अदबीनं विचारलं.

मागून घुंगरमाळ वाजली, एक खरखरीत जीभ त्याच्या मानेवरून टोपीपर्यंत फिरली, आणि आरशात बेगड लावलेली दोन शिंगं डुलली.