घराच्या सर्व भागांची झडती

सार्वभौम राज्यसत्तेला या देशातलं कोणतंही दार बंद नाही, असं वॉरंटाच्या दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ छापलेलं होतं. लिफ्ट बंद असल्यामुळे राज्यसत्ता चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचली आणि दार उघडणाऱ्या बाईकडे तिने आधी पाणी मागितलं.

बाईने पाणी दिलं. इमिग्रेशनच्या साहेबांनी पेला रिकामा केला आणि फाइलीतल्या फोटोशी चेहरा ताडून पाहिला. तीच होती. परदेशातून आलेली, व्हिसा संपून दोन वर्षं झालेली, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याचं सगळं करणारी. अख्खी इमारत तिला मावशी म्हणे. ऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा.

पासपोर्ट कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. हरवला, असं मावशी म्हणाली. साहेबांना हे उत्तर मनापासून आवडलं. पासपोर्ट नाही म्हणजे तिला मायदेशी धाडायला विमान नाही. फाइल वर्षभर कपाटात पडली असती आणि तोवर साहेब निवृत्त होऊन गुडघ्याला तेल चोळत बसले असते. पण सोबत आलेल्या ज्युनियर बाई खात्यात नव्या होत्या. त्यांनी रबरी हातमोजे चढवलेसुद्धा.

कपाट झालं, औषधांचे डबे झाले, फ्रिजच्या मागची धूळ झाली. ज्युनियर बाई खण उघडत होत्या आणि मावशी मागोमाग एकेक खण लावत होती. तासाभरात घर आधीपेक्षा नीटनेटकं दिसू लागलं.

“सर, ही गादी राहिली,” ज्युनियर बाई म्हणाल्या.

गादीवर आजोबा होते. त्यांनी मान तेवढी वळवली. “वीस महिने मी इथून हललेलो नाही. फरार व्हायचा बेत ठरला की तुम्हाला कळवीन.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आजारी माणूस आहे, गादीचं राहू द्या, असं त्यांनी सुचवून पाहिलं. ज्युनियर बाईंनी वॉरंटावर बोट ठेवलं. ‘सर्व भाग’ असं तिथे होतं. मग त्यांनी गादीची कड धरली आणि ओढली.

आजोबा भिंतीकडे कलंडले. त्यांनी दात आवळले, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. म्हातारा मोठा सोशीक दिसतो, असं साहेबांच्या मनात आलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा सोशीकपणा नाही. होतं नव्हतं तेवढं वजन टाकून म्हातारा ती जागा दाबून पडला होता.

साहेबांनी ज्युनियर बाईंना थांबवलं नाही. त्यांना पेन्शन मिळायची होती.

ज्युनियर बाईंनी दुसऱ्यांदा ओढलं, तेव्हा मावशी पुढे झाली.

“सोडा ती गादी. कातडं सोलून निघेल त्यांचं. मी वळवते.”

“मावशी, गप्प बस,” आजोबा म्हणाले.

ती गप्प बसली नाही. लघवीची पिशवी आधी या बाजूला घ्या, नाहीतर नळीला हिसका बसेल, असं तिने ज्युनियर बाईंना बजावलं. साहेबांना तिने पलंगाच्या पलीकडे उभं केलं, त्यांचा एक हात आजोबांच्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे ठेवायला लावला. तीन म्हटलं की आपल्याकडे घ्यायचं, झटका द्यायचा नाही. तिने तीन म्हटलं. आजोबा अलगद साहेबांच्या पोटाशी आले. माकडहाडावर बोटाच्या पेराएवढी कोवळी, गुलाबी कातडी धरलेली साहेबांना वरून दिसली. जखम भरत आणायला किती महिने लागले असतील, याचा ते हिशोब करत होते, तेवढ्यात पलीकडे गादीच्या खोळीची चेन उघडल्याचा आवाज आला.

पासपोर्ट आजोबांच्या अंगाने अजून गरम होता.

आजोबांना परत पाठीवर निजवून झालं. आजोबा म्हणाले, “वळवायला नको होतंस.”

“पाठ फाटली असती.”

“फाटू द्यायची होती, मावशी.”

तिने त्यांच्या मानेखालची उशी नीट केली, एका पिशवीत कपड्यांचे दोन जोड भरले आणि साडेअकराची गोळी पाण्यात विरघळवून द्या, असं साहेबांना सांगितलं. ज्युनियर बाई तिला घेऊन जिना उतरल्या.

आजोबांची मुलगी दुसऱ्या गावी होती आणि चारच्या आत पोचणार नव्हती. साहेबांनी कचेरीत फोन लावला. परक्या घरात शिरण्याबद्दल कायद्यात बारा कलमं होती. बाहेर कसं पडायचं, याबद्दल एकही सापडलं नाही. तूर्त तिथेच बसा, असं कचेरीने सांगितलं.

साहेब खुर्चीवर बसले. म्हातारा आता शिव्या घालणार, याची त्यांना खात्री होती. घालू देत, असं त्यांनी ठरवलंही होतं.

“साहेब,” आजोबा म्हणाले.

“बोला.”

“पाठीला खाज सुटलीय. डाव्या खांद्याखाली. हातमोजे न घालता खाजवा.”