गुडघ्याचा एक्स-रे

उजव्या डोळ्याची पट्टी निघून तिसरा दिवस उजाडला, पण म्हातारा दिसतंय म्हणेना आणि दिसत नाही असंही म्हणेना. सकाळपासून बनियनवर खिडकीशी उभा. चौतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले, त्यातल्या टाकून दिलेल्या फिल्म पेटीभर घरी आणून ठेवलेल्या. त्यातली एकेक उचलायची, काचेला लावायची, हूं करायचं आणि बाजूला ठेवायची. चहा निवून गेला. सुनेने दोनदा विचारलं, "बाबा, दिसतंय का?" तर उत्तर काय, "घाईने फिल्म औषधातून बाहेर काढली की फिकी निघते. वेळ द्या जरा." सून बिचारी स्वयंपाकघरात येऊन सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी काय त्यांच्या डोळ्यात बसलेय?" म्हातारी म्हणाली.

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन तिच्या हट्टाने झालं होतं. तो नको नको म्हणत होता. त्याच्या मते डोळ्यांत काही खोट नव्हतीच. दोन वर्षं जगातली प्रत्येक वस्तू त्याला धुरकट दिसत होती आणि दोष मात्र वस्तूचा. वर्तमानपत्राची शाई धुरकट, टीव्ही धुरकट, पोटच्या लेकाचं तोंडसुद्धा धुरकट. शेवटी हिनेच हाताला धरून नेला आणि टेबलावर निजवला. आता बिघडलं असलं तर ते कुणाच्या माथी?

आणि त्या पेटीतल्या फिल्मचा काय भरवसा? सगळ्या त्याला तोंडपाठ. डोळे बांधून हातात दिली तरी सांगेल, ही बरगडी, हे मनगट, इथं काळं कमी पडलं.

म्हातारीने हात पुसले, खोलीत गेली आणि गादीखालचं पाकीट ओढून काढलं. दोन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन तिने गुपचूप गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतला होता. त्याला दाखवला नव्हता. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे धरून उगाच जखमेवर मीठ कशाला?

"हे धरा," ती खिडकीपाशी येऊन म्हणाली. "बघा आणि काय ते सांगा. फिरवाफिरवी नको."

"कुणाचा?"

"शेजारणीचा. कुणाचा का असेना, तुम्ही फिल्म बघा."

त्याने ती काचेला लावली. मान तिरकी केली. मागे सरला, पुढे आला. डावा डोळा तळव्याने झाकला. आणि म्हणाला,

"धुरकट आहे."

म्हातारी स्टुलावर बसली. दोन वर्षं ऐकलेला तोच शब्द. सून दारातून डोकावली, तर हिने हातानेच तिला आत जा म्हटलं.

"कुठल्या गाढवाने धुतलीय ही?" म्हातारा तिकडे तावातावाने बोलतच होता. "अगं, इकडे ये. ये म्हणतो ना! हे वर मांडीचं हाड बघ. कसं लख्ख पांढरं, आणि बाजूचं काळं कसं कोळशासारखं. इथवर सगळं चोख. आता खाली ये. नडगीपाशी पांढऱ्याचं पांढरेपण गेलं, राखाडी झालं. का? तर फिल्म धुताना अंधाऱ्या खोलीचं दार कुणीतरी बोटभर उघडलं. उजेड शिरला. असा, खालच्या अंगाने." त्याचं बोट काचेवरून त्या उजेडाच्या वाटेने हळूहळू वर चढलं आणि बरोबर जिथे राखाडी संपत होतं तिथे थांबलं.

म्हातारी उठली. कळ विसरून उठली. त्याच्या बोटामागोमाग तिने डोळे नेले. इतके दिवस तिला त्या फिल्मवर नुसतं काळंपांढरं दिसत होतं. आता तिलाही वर पांढरं दिसलं, खाली राख दिसली, आणि मधे कितीतरी रंग, एकाहून एक पुसट.

"आणि ही फट," त्याचा आवाज एकदम खाली आला. "दोन हाडांमधली. बाहेरून चांगली रुंद, आणि आतल्या बाजूला येता येता केसाएवढी राहिलीय. शेजारणीला जिना उतरताना दुखत असेल."

"दुखतं," म्हातारी म्हणाली.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. मग पुन्हा फिल्मकडे वळला आणि वरच्या कोपऱ्यात नाक खुपसलं, जिथे मुंगीएवढ्या अक्षरांत पेशंटचं नावगाव उमटलेलं असतं. ओठ पुटपुटले. मग खांदे हलायला लागले.

"वय," त्याने मोठ्याने वाचलं, "बासष्ट!"

म्हातारीने फिल्मवर झडप घातली. त्याने ती डोक्यावर उंच धरली.

"बासष्ट! अगं, तुझी धाकटी बहीण गेल्या वर्षी अडुसष्टची झाली. आता तू तिला ताई म्हणणार का?" आणि तो इतका हसला की हातातली फिल्म फडफड वाजायला लागली.

सून धावत बाहेर आली. बघते तर सासरे गदगदून हसताहेत आणि सासू हाताच्या पाठीने डोळे पुसतेय.

"आई, काय झालं? रडता का?"

"रडेल माझी वैरीण," म्हातारी म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही ऐका. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव काढायचं नाही आता या घरात. बायकोचं वय वाचायला हा एकच पुरे झाला तुम्हाला!"