पुढचं वाक्य

कॅज्युअल्टीच्या खाटेवर पडल्यापडल्याही करमळकर सरांना समोरच्या डॉक्टरची कीवच येत होती. डायलिसिस आटोपून घरी जाताना छातीत कळ आली म्हणून रिक्षावाल्याने त्यांना इथे आणून टाकलं होतं, आणि ड्युटीवर निघाला कोण, तर त्यांचाच जुना विद्यार्थी बोरुडे. वॉर्डात पेशंटकडे न बघता पाठ केलेलं घडाघडा म्हणणारा पोपट.

हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट बोरुडेने वाचला आणि हसतमुखाने म्हणाला, "काळजी नको, सर. आकडा जास्त आहे, पण किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन कायमच वाढलेलं असतं. तेवढ्यावरून हार्ट अ‍ॅटॅक म्हणायचं नाही. ईसीजीही ठीक आहे. घरी जाऊन आराम करा."

आपलंच वाक्य, आपल्याच ठसक्यात. सरांच्या कपाळाला आठी पडली. कळ आता डाव्या खांद्यात शिरत होती.

"आणि पुढचं वाक्य?" त्यांनी दरडावून विचारलं. "तीन तासांनी पुन्हा रक्त काढा, आकडा चढतोय का बघा, चढत असेल तर पेशंटला हलू देऊ नका. दरवर्षी घसा फोडून सांगायचो मी. कुठे गेलं ते, गाढवा?"

बोरुडेने क्षणभर आठवून पाहिलं. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला,

"ते तुम्ही परीक्षेत कधी विचारलंच नाही, सर."