खाल्लेले शब्द

डॉक्टरबाई दहा शब्द वाचून दाखवणार होत्या, आणि या खेपेला खुंट्याला ते सगळेच्या सगळे सांगायचे होते.

तपासणीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. एरवी ती क्लबच्या आवारात पाऊल टाकत नसे. आज ती मुद्दाम सोबत आली होती.

खुंटा हे नाव त्याला पहिल्याच हंगामात चिकटलं. फुटबॉलच्या मैदानात बचावफळीच्या मधोमध तो एकदा उभा राहिला की हलायचा नाही. उंचावरून आलेला चेंडू त्याच्या कपाळावर आपटून आल्या वाटेने परत जायचा. सरावात दिवसाला तीस-चाळीस वेळा, सामन्यात दहा-बारा. अशी चौदा वर्षं. या सगळ्याची बेरीज त्याने कधी केली नव्हती. बायकोने एकदा केली, आणि मग दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

दर हंगामाआधी ही पन्नास गुणांची चाचणी होई. ऐकलेले शब्द आठवायचे, आकडे उलटे म्हणायचे, वर्षाचे महिने शेवटापासून सुरुवातीपर्यंत सांगायचे. पुढे सामन्यात डोक्याला मार लागला की मैदानाच्या कडेला हीच चाचणी पुन्हा घेत. गुण घसरले तर खेळाडू बाहेर. कधी महिनाभर, कधी कायमचा.

पहिल्या वर्षी जुन्या कप्तानाने त्याला कोपऱ्यात घेऊन युक्ती शिकवली होती. चाचणीत तीन-चार शब्द खायचे. आकड्यांना मुद्दाम अडखळायचं. जो मुळातच ढ ठरलाय त्याचे गुण आणखी किती घसरणार? अर्धा संघ हेच करायचा. खुंट्याने ते इतक्या इमानाने केलं की क्लबात त्याच्या मठ्ठपणाचे किस्से झाले, आणि तोही त्यांना हसला. गेल्या हंगामात तो दोनदा डोकं आपटून पडला. दोन्ही वेळा पाच मिनिटांत परत मैदानात.

घरी मात्र ही युक्ती चालत नव्हती. एका सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघाला आणि शाळेच्या फाटकावरून गाडी सरळ पुढे घेऊन गेला. मुलगी मागे गप्प बसून होती. तिला वाटलं, बाबा गंमत करतोय. आठवड्याभरात एकाच जेवणात त्याने एकच किस्सा दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा हसला फक्त तोच. आपण पहिल्यापासूनच धांदरट, असं त्याचं म्हणणं.

"पहिल्यापासून मीच ओळखते तुला," बायको म्हणाली. "तू असा नव्हतास."

तशात क्लबने आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला. बायकोने आदळआपट केली नाही. तिने एकच अट घातली. चाचणी एकदा खरी द्यायची. डोकं शाबूत निघालं तर ती स्वतः त्याच्या हातात पेन देईल आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही निघालं, तर बूट त्याच दिवशी माळ्यावर.

त्याने कबूल केलं. आपल्या डोक्याची त्याला धास्ती नव्हती. धास्ती होती ती गुण भसकन वर जाण्याची. पंचेचाळीस-शेहेचाळीस आले तर डॉक्टरबाई विचारणारच, मग इतकी वर्षं काय केलंत? चौदा वर्षांचं खोटं उघडं पडणार. करार जाईल, वर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तरी त्याने मनाशी ठरवलं. विचारलं तर सगळं सांगून टाकायचं.

डॉक्टरबाईंनी शब्द वाचले. पायरी, साबण, पोपट, दोरी, असे एकामागून एक. तो सांगत गेला. मनात आलेला एकही शब्द त्याने गिळला नाही. आकडे उलटे म्हणताना घाई केली नाही. महिन्यांच्या वेळी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी त्याचं वजन केलं, गुडघे दाबून पाहिले आणि वीस मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारले. तेही त्याने आठवतील तेवढे सांगितले. शर्ट पाठीला चिकटला होता, पण फार वर्षांनी अंग हलकं वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी बेरीज केली. कपाटातून जुनी फाइल काढली, आजचा कागद तिच्याशेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवत बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो," तो म्हणाला.

त्यांनी हातानेच थांबवलं. वहिनी बाहेर आहेत ना, त्यांनाही आत येऊ द्या, असं म्हणून स्वतः उठून दार उघडलं. बायको आत आली. ती बसली नाही. त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या पर्समधून पेनाचं टोपण डोकावत होतं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद तिच्याकडे वळवले आणि त्या हसल्या.

"उगाच जिवाला घोर लावून घेता, वहिनी. दोन वर्षांपूर्वी तीस होते, गेल्या वर्षी एकतीस, आणि आजही एकतीस. तसूभर फरक नाही. करू द्या त्यांना सही."